खिसे रिकामे करून बसावे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न कधी करणार तेही विचारलं नाही. समोरच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "पर्स उलटी कर."

"काय?"

"पर्स. इथं उलटी कर. सगळं बाहेर येऊ दे."

मी नुकतीच देऊळघाटच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले होते आणि राहायला बुलढाण्यात खोली शोधत होते. शहाण्या मुलीने त्याच क्षणी उठून चालू लागायला हवं होतं. पण खोली मला बाहेरूनच आवडली होती. समोर कडुनिंब, अंगणात नळ, धुण्याचा मोठा दगड, आणि देऊळघाटची गाडी अगदी कोपऱ्यावर मिळायची. म्हणून मी दातओठ खात पर्स उलटी केली. कंगवा, पिना, रुमाल, खडूचे तुकडे, फुटलेला बिस्किटाचा पुडा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. बाकी कशालाही त्यांनी हात लावला नाही. पट्टी तेवढी उचलली आणि चष्मा कपाळावर सारून वाचली.

"सकाळी काही न खाता शाळेत जाते न?"

ते खरंच होतं.

"खोली देतो. पण सकाळी भाकरीचा तुकडा पोटात टाकल्याबिगर फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. काकू पाह्यतीन."

आतून आवाज आला, "मी काऊन पाहू? माह्या मागं कामं नाहीत का?" आणि त्याच काकू दुसऱ्या मिनिटाला माझ्यासाठी चहा आणि ताटलीत शिळ्या पोळीचा चिवडा घेऊन बाहेर आल्या. भाड्याची गोष्ट त्यांच्याशीच झाली. घरमालकांना स्वतःच्या घराचं भाडं किती आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

घरमालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डॉक्टर होते आणि सकाळी ओसरीवर पेशंट तपासत. उंच, थोडे वाकलेले, अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी आणि गळ्यात स्टेथोस्कोप. सदरा घातला की पेशंट घाबरतो असं त्यांचं म्हणणं. शिकले नागपूरला, औषध कंपनीचा माणूस आला की त्याच्याशी फाडफाड इंग्रजी बोलायचे, पण तो फाटकाबाहेर पडला की पुन्हा वऱ्हाडी सुरू. ओसरीच्या खांबावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. निळ्या रंगात लिहिलं होतं, 'खिसे रिकामे करून बसावे. सुई मागू नये.' जागेचा अंदाज चुकल्यामुळे शेवटची अक्षरं बारीक होत होत पाटीच्या कडेला चिकटली होती.

खिसे म्हणजे खिसे. नाडी बघण्याआधी, जीभ बघण्याआधी टेबलावर सगळा ऐवज मांडायचा. बायकांनी पिशवी उलटी करायची, पदराची गाठ सोडायची. सरपंच असो, फौजदार असो, सुटका नाही. लोक चिडायचे. "मी काय चोर आहे का जी?" असं एकाने विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले, "तू नाही. तुह्या खिशात हाये चोर." टेबलावर तंबाखूची चंची यायची, चुना यायचा, दुखण्याच्या गोळ्या यायच्या, कसलीकसली चूर्णं यायची. कुणाच्या पुडीत अंगारा निघाला तर तो स्वतः त्याच्या कपाळाला लावून पुडी नीट बांधून परत द्यायचे. "कपाळाले चालते. पोटात नको जाऊ देऊ," एवढंच सांगायचे. त्यामुळे श्रद्धाळू माणसंही त्यांच्यावर कधी रुसली नाहीत.

एक एसटीचा कंडक्टर कायम डोकं दुखतं म्हणून यायचा. त्याचं मोठमोठ्या मशिनींत डोकं घालून झालं होतं. त्याच्या खिशातून डोकेदुखीच्या गोळ्यांच्या इतक्या पट्ट्या निघाल्या की डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तिकिटं विकतो का गोळ्या?" मग समजावलं की ज्या गोळीने डोकं दुखायचं थांबतं, तीच रोज रोज घेतली की डोकं दुखवते. गोळ्या सोडायच्या. पहिला आठवडा डोकं फुटेल, शिव्या द्यायला इकडेच यायचं. तो खरोखर आला, खरोखर शिव्या दिल्या, काकूंनी त्याला चहा दिला. पुढे तो बरा झाला आणि मला देऊळघाटच्या गाडीत न विचारता जागा धरून ठेवू लागला.

सुईची कटकट मात्र रोजची. आमच्याकडे डॉक्टरने सुई टोचली नाही म्हणजे त्याला काही येत नाही, असा सरळ हिशेब. एकदा देऊळघाटचाच एक आडदांड शेतकरी तापाने फणफणलेला आला. तपासून झालं, गोळ्या दिल्या, तरी उठेना.

"साहेब, एक सुई द्या न."

"काऊन? गोळी घशाखाली उतरत नाही का?"

"उतरते. गोळीनं आराम पडते जी, पण समाधान होत नाही."

"समाधान पाह्यजे तं देवळात जाय. इथं आराम भेटते."

तो समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन समाधान करून घेऊन आला आणि येताना आमच्या डॉक्टरांकडे वांगी ठेवून गेला. गोळ्या यांच्याच खाल्ल्या हेही सांगून गेला.

डॉक्टर बिमारीला पाहुणा म्हणायचे. "पाहुणा आला की तीन गोष्टी विचाराव लागते. कोणत्या दारानं आला? जाणार कवा? अन् पुन्हा येऊ नाही म्हणून कोणतं दार लावायचं? बाकीचे डॉक्टर फक्त मधलं विचारते. म्हणून त्याईची प्रॅक्टिस जोरात हाये." हे बोलताना त्यांना मनापासून आनंद व्हायचा. काकू मला म्हणायच्या, मी एवढी वर्षं ऐकलं, आता तू ऐक.

दारं लावण्याच्या नादात ते घरातल्यांना हैराण करून सोडायचे. दर रविवारी सकाळी उठून अंगणातलं साचलेलं सगळं पाणी पालथं करायचे. डासांची अळी होते म्हणून. माझे भिजत घातलेले कपडे बादलीसकट आडवे व्हायचे. एका उन्हाळ्यात काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. चीक काढायची वेळ आली होती, शेजारणी जमायच्या होत्या. रविवार उजाडला आणि डॉक्टरांनी ते पातेलं कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामं केलं.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "त्याच्यात डास होते का?"

"नव्हते."

"मग?"

"झाले असते."

त्या वर्षी अक्षय तृतीयेला काकूंनी शेजारून मागून आणलेल्या कुरडया तळल्या. माझ्या ताटात दोन पडल्या, डॉक्टरांच्या ताटात एकही नाही. ते माझ्या ताटाकडे बघत मुकाट्याने आमरस खात राहिले. काकूंच्या कमरेला बटवा असायचा, त्यात सुपारी असायची, दातदुखीची लवंग असायची, आणखी काय काय असायचं. सगळ्या तालुक्याचे खिसे उपसणाऱ्या त्या माणसाची त्या बटव्याला हात लावायची टाप नव्हती.

मला ते आवडायचे, पण त्यांचा वैतागही यायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला खिसे उलटे करायला सांगणारा घरमालक सोबत असला म्हणजे मान खाली घालून जेवावं लागतं. शाळेतल्या बायका मला चिडवायच्या की तुझं लग्न ठरलं तर मुलाचे खिसे आधी तेच तपासतील. बाबांचं दुखणं निघेपर्यंत मी या सगळ्याला म्हाताऱ्याचा छंद समजत होते.

माझे बाबा गायक. मेहकरच्या अलीकडे आमचं छोटं गाव आहे, थोडी शेती आहे. विहारातल्या कार्यक्रमात, जयंतीला, बुद्धपौर्णिमेला बाबांचं गाणं ठरलेलं. एप्रिल लागला की त्यांना आसपासच्या गावांची बोलावणी येत आणि ते कुणाला नाही म्हणत नसत. त्यांची वरची पट्टी ऐकायला लोक लांबून यायचे. गळ्याला फार जपायचे. गार पाणी नाही, लोणचं नाही, ताक नाही. आई म्हणायची, या माणसाला गळा तेवढा आहे, बाकीचं शरीर नुसतं गळा उचलायला दिलंय.

मेहकरच्या डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशर सांगितलं होतं. गोळी सुरू झाली, उतरलं नाही. दुसरी सुरू झाली, नंतर तिसरी. त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात तबलजीच्या खांद्याला धरून ते स्टेजवरून उतरले. एसटीची पायरी चढायला त्रास होऊ लागला. पोटऱ्यांत गोळे यायचे. वय झालं असं सगळे म्हणाले, बाबाही म्हणाले. मग बुद्धपौर्णिमेच्या नंतर एका सकाळी आईचा फोन आला.

"बाबाचे पाय उठू नाही राह्यले वं. खाटेवरून खाली ठेवता येत नाहीत."

मागून कुणीतरी 'लकवा' म्हणालेलं मला ऐकू आलं. मी सांगितलं, जीप करा आणि सरळ इकडे या.

आता आईने काय केलं ते सांगितलं पाहिजे. जीप दाराशी उभी असताना तिने बाबांचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, त्यांच्या अंगातला मळका सदरा काढला आणि कार्यक्रमाला घालायचा पांढराशुभ्र, इस्त्रीचा सदरा चढवला. आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे कपडे लग्नाला जाताना घालतात तेच. मळक्या कपड्यात गेलं तर डॉक्टर काय म्हणेल, ही आईला पायांच्या खालोखाल काळजी. उतरवलेला सदरा धुवायचा म्हणून तिने पिशवीत कोंबला. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं, माझ्या खोलीवर नळ आहे.

जीप आली तशी डॉक्टर बनियनवर जीपमध्येच चढले. बाबांचे दोन्ही हात दाबायला लावले, हसायला लावलं, जीभ काढायला लावली, गुडघे उचलायला सांगितलं.

"लकवा नाही. लकवा एका बाजूनं पकडते. याचे दोन्ही पाय सारखेच ढिले हायेत." मग सवयीने त्यांचा हात बाबांच्या खिशात गेला. एक खिसा, दुसरा खिसा. कोरे करकरीत. "शाब्बास! असा पेशंट पहिल्यांदा पाह्यला. सुपारीचं खांडही नाही."

बाबांनी त्या अवस्थेतही मान जराशी ताठ केली.

तिथून दवाखान्यात भरती केलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम इतकं कमी होतं की तपासणाऱ्यांनी पुन्हा एकदा रक्त काढलं. ते कमी झालं की पायातली शक्ती जाते आणि हृदयही दगा देऊ शकतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी फार चांगलं सांभाळलं. पोटॅशियम दिलं, बाबांनी हळूहळू गुडघा उचलला आणि आई वॉर्डातच रडायला लागली. पण दिलं की वर यायचं, थांबलं की पुन्हा घसरायचं. ब्लडप्रेशर हटत नव्हतं. मग किडनीच्या वरच्या ग्रंथीत एखादी गाठ असली तर असं होतं, असं त्या म्हणाल्या. मोठ्या शहरात जाऊन तिथल्या मशिनीत बघावं लागेल.

आईने त्यातला एकच शब्द ऐकला. गाठ. आमच्या घरात गाठ म्हणजे एकच गोष्ट. माझी आत्या त्यातच गेली होती.

शहरातली तारीख मिळेपर्यंत, पोटॅशियमचं औषध चालू ठेवून आणि आमच्या डॉक्टरांनी रोज बघायचं या बोलीवर बाबांना माझ्या खोलीवर आणलं. ते भिंतीला टेकून बसायचे. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "गाठ असली तं असू दे बाई. पण गळ्यात तं नाही न?"

मला इतका राग आला की मी ताट आपटून बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून रडले. आम्हाला ते जिवंत हवे होते आणि त्यांना गळा हवा होता.

डॉक्टरांचा जीव वरखाली होत होता. पाहुणा समोर बसला होता आणि कोणत्या दाराने आला ते सापडत नव्हतं. जेवता जेवता उठून यायचे, दारात उभे राहून एखादा प्रश्न विचारायचे आणि परत जाऊन गार भाजी खायचे. पाणी कोणत्या विहिरीचं पिता? फवारणी कोण करते? जुलाब झाले होते का? काढा घेता? चूर्ण? कोण्या वैदूचं काही?

"नाही जी," आई सांगायची. "मेहकरच्या गोळ्याशिवाय आम्ही काही घेत नाही." बाबा मान हलवायचे. दोघंही अगदी खरं बोलत होते.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी आई धुणं घेऊन दगडाशी बसली. मी बाबांची बॅग भरत होते. डॉक्टर ओसरीवर पेशंटच्या छातीला नळी लावून बसले होते आणि त्यांची नजर अंगणात होती. आईने पिशवीतून तो मळका सदरा काढला, पाण्यात बुडवला आणि साबण लावण्याआधी खिसा उलटा करून झटकला. खिशातून पिवळट धागे, काड्या, भुसा असं काहीबाही दगडावर पडलं. खिशाचं अस्तर पिवळं झालं होतं.

"थांबाऽ!"

असा आवाज त्या माणसात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. स्टेथोस्कोप कानात तसाच, दुसरं टोक हवेत, लुंगी एका हाताने धरलेली, असे ते धावत अंगणात आले. आईच्या हातातून ओला सदरा ओढून घेतला. खिसा नाकाशी नेला. आणि मग सगळ्या पेशंटांच्या, काकूंच्या आणि माझ्या समोर माझ्या बापाच्या मळक्या सदऱ्याचा ओला खिसा त्यांनी तोंडात घालून चोखला.

"अवं माय!" आई दगडावरून उठलीच.

"गोड!" डॉक्टर ओरडले. "गोड हाये! ज्येष्ठमध!"

मग ते बाबांसमोर येऊन जमिनीवर बसले. अंगावर पाणी ठिबकत होतं.

"गायकसाहेब, हे लाकूड किती चघळता?"

"कोणतं? गळ्याचं?" बाबांना प्रश्नच कळत नव्हता. "ते तं तोंडात असतेच जी. गाण्याच्या दिवसांत निघतच नाही तोंडातून. खाटेवर पडलो तवापासून तेवढं सुटलं. एका मोठ्या गायकानं सांगतलं होतं. रस गिळत राह्यलं की आवाज मोकळा राह्यते. सकाळी त्याचंच उकळलेलं पाणी."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही औषध विचारलं होतं साहेब. ते कुठं औषध हाये? ते तं लाकूड हाये."

मलाही कधी सुचलं नव्हतं. बाबांच्या गालातला तो उंचवटा मी लहानपणापासून पाहत आले होते, त्यांच्या मिशीइतकाच.

डॉक्टरांनी मग आम्हा सगळ्यांना, ओसरीवरच्या पेशंटांनाही, अंगणात उभं करून समजावलं. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं की अंगातलं मीठ आणि पाणी अडून राहतं, म्हणून प्रेशर चढतं. पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, म्हणून पाय जातात. त्यात मेहकरच्या एका गोळीने लघवी वाढत होती, तिने उरलंसुरलं नेलं. चघळणं बंद झालं तरी त्याचा अंमल काही आठवडे राहतो, म्हणून दवाखान्यातही पोटॅशियम टिकत नव्हतं. "लाकूड वाईट नाही. खोकल्यापुरतं दोन दिवस चघळलं तं चालते. पण झाडपाल्याचं असलं म्हणून पोटात गेल्यावर ते गप्प बसते का?"

"म्हणजे गाठ नाही?" आईने विचारलं.

"नाहीच असं आज सांगत नाही माय. खोटं काऊन बोलू? लाकूड बंद करू. थांबू. पुन्हा रक्त पाहू. दवाखान्यातल्या बाईंशी बोलतो."

ते बोलले, त्या बाईंनाही पटलं, तारीख पुढे ढकलली. मग डॉक्टर आईकडे वळले. आता शाबासकी देतील असं मला वाटलं.

"हा पांढरा सदरा त्याले कोणी घातला होता?"

"मीच," आई म्हणाली. "दवाखान्यात यायचं होतं न."

डॉक्टर पायरीवर बसले आणि डोक्याला हात लावला. "खिसा रिकामा निघाला अन् मी खूश झालो. शाब्बास म्हटलं! इस्त्रीचा खिसा रिकामाच असणार, एवढं माह्या डोक्यात आलं नाही." काकूंनी त्यांना चूळ भरायला तांब्या दिला. चूळ भरून झाल्यावर त्यांनी पाटी उतरवून अंगणात बसूनच तिच्यावर तिसरी ओळ रंगवली, 'धुतलेले कपडे घालून येऊ नये.' सगळ्या बुलढाण्यात ती पाटी हसण्याचा विषय झाली. लोक फोटो काढून न्यायचे.

पुढचे काही आठवडे आम्ही जीव मुठीत धरून काढले. बाबा आधी भिंत धरून, मग काठीने, मग नुसतेच चालू लागले. मेहकरच्या गोळ्या एकेक करून सुटल्या, एक तेवढी बारीकशी राहिली. शेवटचं रक्त तपासलं त्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट घेऊन स्वतः माझ्या शाळेत आले. वर्ग चालू होता. दारात उभे राहून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "पोटॅशियम टिकलं. प्रेशर उतरलं. शहरात जायची गरज नाही." आणि मी सगळ्या चौथीच्या वर्गासमोर खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, त्यानंतरही नाही. पोरं घाबरली. डॉक्टरांनी त्यांना गप्प बसवण्यासाठी पहिल्या बाकावरच्यांचे खिसे उलटे करायला लावले. चिंचा निघाल्या.

बाबांची मात्र कळी खुलेना. पाय आले, पण लाकूड गेलं. लाकडाशिवाय वरची पट्टी लागायची नाही, याची त्यांना खात्रीच होती. तपासणीला आले की डॉक्टरांशी हुज्जत घालायचे.

"पाय देल्ले तुम्ही साहेब, उपकार हायेत. पण आवाज गेला तं मी राह्यलो काय?"

"लाकूड गाते का तू गातो?"

"दोघं मिळून गातो जी."

"आता एकट्यानं गा." डॉक्टरांनी त्यांना वाफ सांगितली, कोमट पाणी सांगितलं, आणि गाणं संपलं की तोंड बंद ठेवायला सांगितलं. यातलं शेवटचं आईला फार आवडलं. पण बाबांनी ते वर्ष गाणं जवळजवळ टाकलंच होतं. बोलावणी येत आणि ते पाय दाखवून नाही म्हणत, पाय ठणठणीत असून.

पुढच्या जयंतीला मी काकूंना आणि डॉक्टरांना गावी नेलं. बाबा गाणार की नाही हे आदल्या दिवसापर्यंत नक्की नव्हतं. ऊन उतरलं, विहारासमोरच्या मांडवात माणसं बसली, निळ्या पताका हलत होत्या. डॉक्टर त्या दिवशी चक्क सदरा-पायजमा घालून पहिल्या रांगेत बसले होते. आणि बाबा त्याच पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवर आले, कुणाचा खांदा न धरता.

पहिलं गाणं खालच्या पट्टीतच झालं. सुरक्षित. दुसऱ्या गाण्यात ती वरची जागा होती, ज्यासाठी लोक लांबून यायचे. ती जवळ आली तशी आईने माझा हात घट्ट धरला. बाबा थांबले. तबला फिरत राहिला. आणि बाबांचा उजवा हात हळूच खिशात गेला.

पहिल्या रांगेत डॉक्टर ताडकन उभे राहिले.

बाबांनी त्यांना पाहिलं. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबांनी हात बाहेर काढला आणि हाताबरोबर खिशाचं अस्तरही ओढून काढलं. मग दुसरा खिसा. दोन्ही पांढरी अस्तरं सगळ्या मांडवाला दिसतील अशी बाहेर लोंबत होती, आणि त्यात काहीही नव्हतं. खिसे तसेच लोंबत ठेवून त्यांनी कानावर हात ठेवला आणि वरची पट्टी लावली.

आवाज किंचित फाटला. पण पोचला. तिथे पोचून टिकला, आणि टाळ्यांत तबला ऐकू येईना.

डॉक्टर खाली बसले ते लुंगी नाही हे विसरून लुंगी सावरत. काकूंनी बटवा उघडून एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली. माझी आई डोळे पुसत माझ्या कानाशी वाकली.

"काय वं," ती म्हणाली, "उद्या हा सदरा धुवायच्या आधी त्याईले चाखाले देऊ का?"